छत्तीस रेघांचं नाव

हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटात एक करार होतो. दहा वर्षांची चिहिरो देवांच्या स्नानगृहात अडकली आहे. तिच्या आईवडिलांची डुकरं झाली आहेत, आणि इथे तग धरायचा तर काम मागितल्यावाचून गत्यंतर नाही. स्नानगृहाची मालकीण युबाबा ही जादूगारीण तिच्यापुढे करारपत्र टाकते. मुलगी वाकून आपलं नाव लिहिते. म्हातारी ते वाचते, नाव फारच चैनीचं आहे असा शेरा मारते आणि कागदावरून हात फिरवते. त्याबरोबर अक्षरं कागदापासून सुटतात, हवेत तरंगत तिच्या तळहाताकडे जातात, आणि तिची मूठ मिटते. कागदावर एकच अक्षर उरतं. आजपासून तू सेन, असं ती बजावते.

उपशीर्षकं वाचत हा प्रसंग पाहणाऱ्या आपल्याला वाटतं, की म्हातारीने जुनं नाव काढून नवं दिलं. देवनागरीत ‘चिहिरो’ आणि ‘सेन’ शेजारी शेजारी लिहिली, तर दोघांत एकही अक्षर सारखं नाही. जपानी प्रेक्षकाला मात्र त्या कागदावर मुलीच्या स्वतःच्या नावातलंच एक अक्षर दिसत असतं. युबाबाने नवं काही दिलेलंच नाही. आहे त्यातलं बहुतेक सगळं काढून घेतलं, आणि उरलेल्याचा उच्चार बदलला. चोरी एकच, पण ती डोळ्यांना एक दिसते आणि कानांना दुसरीच ऐकू येते. हा चित्रपट जुलै २००१ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला, २००२ मध्ये त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, २००३ मध्ये ऑस्कर मिळालं. जगभर त्याच्या चित्रांचं आणि कल्पनाशक्तीचं भरभरून कौतुक झालं. माझ्या मते त्या कल्पनाशक्तीचं बीज या नावात आहे, म्हणून हे नाव अक्षर अक्षर करून वाचायला हवं.

त्याआधी जपानी लिपीची एक रीत ध्यानात घ्यायला हवी. कांजी ही अर्थ दाखवणारी अक्षरं चीनमधून, कोरियाच्या वाटेने जपानमध्ये पोचली. तिथे बोलीभाषा आधीपासून नांदत होती आणि तिचा चिनी भाषेशी गोत्रसंबंध नव्हता. त्यामुळे एकेका अक्षराला दोन प्रकारचे उच्चार चिकटले. चिनी उच्चाराचं जपानी जिभेवर बसलेलं रूप म्हणजे ‘ओन’, आणि त्याच अर्थाचा अस्सल जपानी शब्द म्हणजे ‘कुन’. ‘हजार’ दाखवणाऱ्या अक्षराचा ओन उच्चार ‘सेन’, तर कुन उच्चार ‘चि’. हजार येनची नोट ही ‘सेन एन’. पण हजार युगं म्हणजे ‘चियो’, आणि काठावर थव्याने येणारा चिमुकला पक्षी ‘चिदोरी’. एकच अक्षर दुकानात एका आवाजात बोलतं आणि जुन्या काव्यात, माणसांच्या नावांत दुसऱ्या. कुठे कोणता उच्चार करायचा हे अक्षर स्वतः सांगत नाही. ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

आता ते पूर्ण नाव पाहू. जपानी रीतीप्रमाणे आधी कुटुंबाचं नाव, मग व्यक्तीचं: ओगिनो चिहिरो. चार अक्षरं आहेत. पहिलं ‘ओगि’, म्हणजे पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांचं, पुरुषभर उंच वाढणारं गवत. त्याला ओलावा लागतो. नदीकाठ आणि दलदलीच्या जागा ही त्याची घरं. दुसरं ‘नो’, म्हणजे मोकळं रान. सामान्य जपानी माणसाला आडनाव लावायची परवानगी १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचं झालं. तिथल्या असंख्य आडनावांत डोंगर, शेत, नदी, रान असा भोवतालचा भूगोल मुरलेला आहे. ओगिनो हे आडनावही असंच पाणथळ कुरणाचं चित्र आहे.

तिसरं अक्षर ‘चि’, हजार. चौथं ‘हिरो’. नावाचा जीव या चौथ्या अक्षरात आहे.

‘हिरो’ हे जुनं जपानी माप आहे. दोन्ही हात दोन्ही बाजूंना पूर्ण पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक हिरो. त्याचा अंदाज साधारण १.८ मीटर धरतात. मराठीतही दोर आणि पाण्याची खोली मोजायला असंच एक माप होतं: वाव. जपानी कोळी आणि खलाशी दोर आणि समुद्राची खोली हिरोने मोजत. हजार हिरो म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. हा आकडा मोजण्यासाठी नव्हता. ‘चिहिरो’ हा शब्द प्राचीन काव्यात ज्याचा तळ लागत नाही अशा खोलीसाठी आणि जी संपत नाही अशा लांबीसाठी येतो. किरकिऱ्या, घाबरट, गाडीच्या मागच्या सीटवर पाय वर करून आडव्या पडलेल्या या पोरीला आईबापांनी अथांग समुद्राचं नाव दिलं आहे. म्हातारीच्या चाणाक्ष नजरेला ते चैनीचं वाटतं, त्यामागे हेच कारण असावं.

या अक्षराची घडणही तितकीच अर्थपूर्ण आहे. त्यात वरपासून खालपर्यंत चार तुकडे आहेत. सगळ्यांत वर हात आहे. मधे शेजारी शेजारी दोन खुणा आहेत: एक ‘डावा’ या अर्थाच्या अक्षरातून आलेली, दुसरी ‘उजवा’ या अर्थाच्या अक्षरातून. तळाशी पुन्हा हातच. डावं आणि उजवं यांच्यामध्ये पसरलेले बाहू, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. एकेका तुकड्याला तीन रेघा, मिळून बारा. या अक्षराचा दुसरा अर्थ आहे विचारणं, शोधणं. तेव्हा त्याचा उच्चार होतो ‘ताझुनेरु’. हात पसरून अंतर घेणारं अक्षरच विचारपूस आणि शोधाचंही अक्षर आहे. अंधारात हात पसरून चाचपडणाऱ्या माणसाला या दोन अर्थांमधलं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चारही अक्षरांच्या रेघा मोजल्या तर दहा, अकरा, तीन आणि बारा, अशा एकूण ३६ भरतात. युबाबाची मूठ मिटल्यावर कागदावर त्यांतल्या फक्त ३ राहतात. नदीकाठचं गवत गेलं, मोकळं रान गेलं, म्हणजे घर आणि कूळ गेलं. पसरलेले हात गेले, म्हणजे विचारण्याची आणि शोधण्याची ताकद गेली. उरला एक आकडा. खोली हरपली आणि संख्या राहिली. एखाद्या मुलीची कामगार कशी होते हे दाखवायला मियाझाकी यांना संवादांचं पान लागत नाही, कागदावरची चार अक्षरं पुरतात.

उच्चार बदलणंही यादृच्छिक नाही. ‘चि’ हा घरचा, जुना, कवितेतला आवाज होता. त्याच्या जागी जो ‘सेन’ आला, तो बाजारात किमती सांगण्याचा आवाज आहे. जपानीत आणखी एक ‘सेन’ आहे, वेगळ्या अक्षराने लिहिला जाणारा. त्याचा अर्थ नाणं, पैसा. येनच्या शंभराव्या भागाला सेन म्हणत. सार्वजनिक स्नानगृहाला जपानीत ‘सेन्तो’ म्हणतात, त्यातला पहिला भाग हाच पैशाचा ‘सेन’, आणि दुसरं अक्षर गरम पाण्याचं, ज्याचा कुन उच्चार ‘यु’. म्हणजे पैसे देऊन मिळणारं ऊन पाणी. आता मालकिणीचं नाव पाहा. युबाबा: ऊन पाण्याची म्हातारी. तिच्या जुळ्या बहिणीचं नाव झेनीबा, आणि ‘झेनी’ हा त्याच पैशाच्या अक्षराचा दुसरा उच्चार. दोघी बहिणींच्या नावांची पहिली अक्षरं एकत्र आणली की ‘सेन्तो’ लिहिलेलं दिसतं. स्नानगृहाच्या नावातही असाच आवाजांचा खेळ आहे. त्याचं नाव ‘आबुराया’, तेलाचं घर. तेलाच्या अक्षराचा ओन उच्चार ‘यु’, आणि दारावरच्या पडद्यावर ठळक लिहिलेलं अक्षरही ‘यु’, तिथे अर्थ ऊन पाण्याचा. या घरात प्रत्येक आवाजामागे पैसा आणि पाणी उभं आहे. अशा ठिकाणी एका मुलीला ‘सेन’ म्हणून हाक मारली जाते, तेव्हा हजाराच्या आकड्यात नाण्याचा खणखणाटही मला ऐकू येतो.

तरीही त्या उरलेल्या तीन रेघांत म्हातारीच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी आहे. ‘हजार’ या अक्षराच्या सर्वांत जुन्या रूपात माणसाची आकृती आहे आणि तिला छेदणारी एक आडवी रेघ. आजच्या अक्षरात ती आकृती झटकन ओळखू येत नाही, पण आकड्याच्या आत माणूस आहे. मियाझाकी यांनी हे मनात धरून लिहिलं असेल असा माझा दावा नाही. अक्षरांमध्ये काळाने साठवलेलं खूप काही असतं आणि चांगली कलाकृती त्यातलं बरंच काही न सांगताही जागं करते, एवढंच मला म्हणायचं आहे.

कथेच्या ऐन मध्यावर या नावाचा खरा कस लागतो. चिखलाने बरबटलेला, असह्य दुर्गंधी सुटलेला एक देव स्नानाला येतो. त्याची सेवा नव्या पोरीच्या गळ्यात पडते. ती गाळात कोसळते, दोन्ही हातांनी चाचपडते, आणि त्याच्या अंगात रुतलेली काट्यासारखी वस्तू तिला लागते. दोर येतो, ती तो त्या वस्तूला बांधते, आणि स्नानगृहातले सगळे मिळून ओढतात. बाहेर निघते एक सायकल, आणि तिच्यामागून माणसांनी पाण्यात फेकलेल्या कचऱ्याचा डोंगर. चिखल ओसरल्यावर कळतं, की हा तर एका नदीचा देव. पसरलेले दोन हात, गाळाची खोली, दोर आणि शोध: ‘हिरो’ या अक्षरातलं सगळं या प्रसंगात हजर आहे. युबाबाने अक्षर मुठीत कोंडलं, पण अक्षराचं काम मुलीच्या हातून होतच राहिलं. माझ्या मते चित्रपटातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. नाव हरवलेली मुलगी कृतीने आपलं नाव लिहिते आहे.

तिचा सोबती हाकु याच्याही नावाची अशीच चोरी झाली आहे, पण तिची तऱ्हा वेगळी. त्याचं नाव कथेत आवाजातच वावरतं, अक्षरांत उलगडत नाही. परतीच्या वाटेवर आकाशातून जाताना चिहिरोला आठवतं, की लहानपणी ती एका नदीत पडली होती आणि त्या नदीनेच तिला उथळ पाण्यात आणून सोडलं होतं. ती नदी पुढे बुजवली गेली, वर इमारती उभ्या राहिल्या. नदीचं नाव होतं कोहाकु. त्याच क्षणी त्याला आपलं पूर्ण नाव आठवतं: निगिहायामि कोहाकुनुशि. जपानी पुराणकथांतल्या निगिहायाहि या देवतेच्या नावाची त्यात छटा आहे. चिहिरोकडे तिच्या नावाचं एक अक्षर उरलं होतं, हाकुकडे त्याच्या नावाच्या मधले दोन ध्वनी. पाणथळ गवताच्या आडनावाची, अथांग खोलीच्या नावाची मुलगी एका नदीला तिचं नाव परत देते. हे नातं चित्रपट एकदाही तोंडाने सांगत नाही, पण नावं वाचता येणाऱ्याला ते पहिल्यापासून मांडून ठेवलेलं दिसतं.

जपानी वाचकाला हे सगळं इतकं जवळचं का वाटावं? कारण नावाचं लिहिणं आणि नावाचं वाचणं या तिथे रोजच्या जगण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘चिहिरो’ हे नाव मुलींनाही ठेवतात आणि मुलग्यांनाही, आणि ते लिहिण्याच्या कितीतरी रीती आहेत. बालसाहित्यातल्या विख्यात चित्रकार इवासाकि चिहिरो (१९१८–१९७४) यांच्या मूळ नावात पहिलं अक्षर ‘जाणणं’ या अर्थाचं, दुसरं ‘विशाल’ या अर्थाचं होतं. चित्रकार म्हणून त्यांनी ते साध्या ध्वनिलिपीत लिहिलं, म्हणजे अर्थ बाजूला ठेवून फक्त आवाज राखला. मराठी वाचकाला ही चिहिरो परकी नाही. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे आपल्या घराघरांत पोचलेल्या ‘तोत्तोचान’च्या मूळ जपानी आवृत्तीत जी हळवी जलरंगचित्रं आहेत, ती त्यांचीच. आवाज एक, पण एका चिहिरोत समुद्राची खोली आहे आणि दुसरीत ज्ञानाचा विस्तार. नाव ठेवणारे आईबाप अशा पर्यायांतून निवड करतात, तेव्हा ते मुलासाठी दोन शब्दांची एक कविताच रचत असतात.

सरकारने या कवितेतल्या शब्दांवर मर्यादा घातली, पण तिच्या आवाजावर बराच काळ घातली नाही. १९४८ पासून लागू झालेल्या कोसेकी कायद्याने, म्हणजे कुटुंबनोंदणीच्या कायद्याने, नावांत सर्वपरिचित आणि सोपी अक्षरंच चालतील असं ठरवलं. १९५१ मध्ये केवळ नावांसाठी म्हणून ९२ जादा अक्षरांची यादी आली. ती वाढत वाढत आज ८६३ वर पोचली आहे, आणि त्याशिवाय नेहमीच्या वापरातली २,१३६ अक्षरं आहेतच. पण अक्षर एकदा यादीत असलं की ते कसं वाचायचं यावर फारसं बंधन नव्हतं. नावांपुरतेच चालणारे खास उच्चारही आहेत, त्यांना ‘नानोरि’ म्हणतात. त्यामुळे छापलेलं नाव शिकलेल्या जपानी माणसालाही खात्रीने वाचता येत नाही. आणखी आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे, नावाचा उच्चार हा कोसेकीतल्या नोंदीचा कायदेशीर भागच नव्हता. दप्तरात अक्षरं होती, आणि त्यांचा आवाज हाक मारणाऱ्यांच्या जिभेवर होता. सुधारित कायदा २६ मे २०२५ पासून लागू झाला, तेव्हा कुठे उच्चाराला तिथे अधिकृत जागा मिळाली.

ही वस्तुस्थिती मनात ठेवून चित्रपटाकडे परत गेलं की त्याचं मर्म उघडतं. युबाबा ही दप्तराची राणी आहे. तिची सत्ता कागदावर आहे आणि ती कागदावरची अक्षरं चोरू शकते. नावावर सत्ता गाजवणं ही केवळ परीकथेतली कल्पना नाही, हेही इतिहासाला ठाऊक आहे. १९४० मध्ये वसाहतवादी जपानने कोरियन लोकांना जपानी धाटणीची कुटुंबनावं घ्यायला लावली, तेव्हाही शस्त्र नोंदवहीचंच होतं. पण चित्रपट आला तेव्हा आवाज नोंदवहीत नव्हता, म्हणून तो चोरता येत नव्हता. तो फक्त विसरला जाऊ शकतो, आणि विसरण्यापासून वाचवायला दुसरं माणूस लागतं.

चित्रपटात अशी माणसं वेळेवर भेटतात. करारानंतरच्या सकाळी हाकु तिला तिचे जुने कपडे आणून देतो. त्यांत शाळेतल्या मैत्रिणीने दिलेलं निरोपाचं कार्ड असतं. स्वतःचं नाव वाचून ती थबकते, कारण एका रात्रीत ती जवळजवळ सेन झालेली असते. हाकु तिला सांगतो, की ते नाव लपवून ठेव, ते विसरलीस तर घरची वाट सापडणार नाही. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, पण तिचं आठवतं. आपलं नाव आपल्यापेक्षा दुसऱ्याजवळ अधिक सुरक्षित असतं, हे या प्रसंगाइतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितलं असेल.

आणि मग झेनीबा. चेहऱ्यामोहऱ्याने हुबेहूब युबाबाच, पण दलदलीच्या काठी साध्या झोपडीत राहणारी. निघताना मुलगी तिला आपण होऊन आपलं खरं नाव सांगते. झेनीबा ते ऐकते, छान नाव आहे म्हणते आणि ते जपायला सांगते. दोन जुळ्या बहिणींसमोर एकच नाव दोनदा आलं. एकीने ते कागदावर वाचलं आणि तिला त्यातली चैन खुपली. दुसरीने ते मुलीच्या तोंडून ऐकलं आणि तिला त्यातलं सौंदर्य जाणवलं. पहिलीने अक्षरं घेतली, दुसरीने काहीही न घेता ते नाव मुलीच्या हवाली केलं. चित्रपटाच्या दोन टोकांना असलेले हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. शेवटी मुलगी युबाबाने घातलेल्या कोड्याचं अचूक उत्तर देते आणि करारपत्र युबाबाच्या हातातच नाहीसं होतं. अक्षरं कुणी कागदावर परत बसवत नाही. त्याची गरजच उरलेली नसते, कारण नाव कधीच मुलीच्या मुखी परतलेलं असतं.

म्हणूनच मला या चित्रपटाचं जपानी शीर्षक फार मोलाचं वाटतं: ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’. सेन आणि चिहिरो यांना देवांनी दडवून नेलं, असा त्याचा अर्थ. माणूस अचानक नाहीसा झाला की देवांनी लपवला असं मानायची जुनी समजूत ‘कामिकाकुशी’ या शब्दात आहे. शीर्षकात दोघींची नावं ‘आणि’ने जोडली आहेत, जणू त्या दोन मुली आहेत. घाम गाळणारी सेन पुसून टाकून चिहिरो घरी परतत नाही. आकड्याच्या नावाने केलेले कष्ट आणि अथांग नावाचा वारसा दोन्ही बरोबर घेऊन ती बोगद्यातून बाहेर येते.

जपानमध्ये व्हिजिटिंग कार्डांची देवघेव करताना समोरच्याचं नाव कसं वाचायचं हे विचारणं नेहमीचं आहे, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. अक्षरं पाहून अंदाज बांधण्यापेक्षा माणसालाच विचारावं, त्याच्या तोंडून ऐकावं आणि मग तसंच म्हणावं, हा तिथला शिष्टाचार आहे. युबाबाने जे अक्षर मुठीत कोंडलं, त्याचा एक अर्थ विचारणं हाच होता. कुणाचंही नाव, मग ते कोणत्याही भाषेतलं असो, त्याला विचारून, नीट ऐकून, त्याने सांगितलं तसं उच्चारणं हा त्या माणसाचा मान आहे. आणि तो राखणं आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.